पाण्यातला हायड्रोजन : कोळसा स्वस्त, पण विजेचं काय?

हायड्रोजन हा शब्द आतापर्यंत पोरांच्या शास्त्राच्या पुस्तकात होता. आता तो अर्थसंकल्पात आला, मंत्र्यांच्या भाषणात आला आणि उद्या जमिनीच्या दलालाच्या तोंडीही येईल. केंद्र सरकारने ४ जानेवारी २०२३ रोजी राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला मंजुरी दिली. त्यासाठी १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद केली आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हायड्रोजन तयार करण्याचं उद्दिष्ट ठेवलं. राज्य सरकारही मागे राहिलं नाही. जुलै २०२३ मध्ये महाराष्ट्राचं स्वतंत्र हरित हायड्रोजन धोरण मंजूर झालं, त्याला ८,५६२ कोटी रुपये ठरले.

आता तुम्ही म्हणाल, की आमच्या भोरला आणि वेल्ह्याला (कागदोपत्री आता राजगड तालुका) याच्याशी काय घेणं-देणं? घेणं-देणं असं, की हा हायड्रोजन पाण्यापासून काढायचा आहे. आणि पाणी म्हटलं, की आपल्या भागाचे कान टवकारतात. भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी, पानशेत, वरसगाव. एवढी धरणं उशाला घेऊन आपण झोपतो, जमिनी आपल्या बुडाल्या, आणि एप्रिल उजाडला की वरच्या वाड्या-वस्त्यांवर हंडे वाजू लागतात. त्यामुळे "पाण्यापासून इंधन" असं कुणी म्हणालं, की पहिला विचार मनात येतो तो हाच, की आणखी एक वाटेकरी आला. हा विचार चुकीचा नाही. पण हिशेब केला तर खरा वाटेकरी वेगळाच निघतो. तो हिशेब आज मांडायचा आहे.

दुसरीही एक गोष्ट कानावर येते. शास्त्रज्ञांनी म्हणे प्लॅटिनमच्या जागी कोळसा वापरून हायड्रोजन काढायची युक्ती शोधली, तो कोळसा भाताच्या तुसापासूनही होतो, त्यामुळे आता तुसाला सोन्याचा भाव येणार. यातलं पहिलं बरंचसं खरं आहे, दुसरंही खरं आहे, तिसरं खोटं आहे. कसं ते बघू.

वरंधा घाट आणि व्होल्टचा चढ

पाण्यात विजेचे दोन अग्र सोडले आणि वीज चालू केली, की पाण्याचे दोन तुकडे होतात. ऋणाग्रावर हायड्रोजन, धनाग्रावर ऑक्सिजन. याला विद्युत अपघटन म्हणतात. ही काही नवी विद्या नव्हे, १८०० साली इंग्लंडमध्ये निकल्सन आणि कार्लाईल या दोघांनी ती करून दाखवली होती. यंत्राला आज इलेक्ट्रोलायझर म्हणतात एवढंच. अडचण कुठं आहे, तर पाणी सुखासुखी फुटत नाही.

भोरहून महाडला जायचं म्हणजे आधी वरंधा घाटाचा माथा गाठावा लागतो. महाड भोरपेक्षा कितीतरी खाली आहे, तरीही आधी चढावंच लागतं, आणि त्या चढाला डिझेल जळतं. समजा माथा शंभर मीटरने कमी असता, तर तेवढं डिझेल वाचलं असतं. भोर आणि महाड यांच्या उंचीतला फरक मात्र तोच राहिला असता. उत्प्रेरक म्हणतात तो हेच काम करतो, तो माथा खाली आणतो. पाणी फोडायला कमीत कमी १.२३ व्होल्ट लागतात, हा निसर्गाचा नियम, त्यात कुणाला सूट नाही. प्रत्यक्ष कारखान्यात मात्र १.८ ते २ व्होल्ट लावावे लागतात. मधला जो फरक आहे त्यातला मोठा भाग म्हणजे घाटाचा वायफळ चढ. चांगला उत्प्रेरक तो चढ कमी करतो आणि स्वतः मात्र खर्ची पडत नाही, निदान पडू नये अशी अपेक्षा असते.

या कामाला आजवर सगळ्यात चांगला ठरला तो प्लॅटिनम, हायड्रोजनच्या बाजूला. ऑक्सिजनच्या बाजूला इरिडियम. इरिडियम हा धातू साऱ्या जगात मिळून वर्षाला सात-आठ टनांच्या आसपासच निघतो, म्हणजे एका ट्रकमध्ये मावेल इतका, आणि त्यातला बहुतेक दक्षिण आफ्रिकेतून येतो. आता बघा, आपला देश पन्नास लाख टन हायड्रोजनच्या गोष्टी करतो, युरोप करतो, चीन करतो, आणि सगळ्यांची नजर त्या एका ट्रकवर! खनिज तेलासाठी अरबांच्या तोंडाकडे बघायचं सोडून आफ्रिकेतल्या खाणीकडे बघायचं, यात स्वावलंबन कसलं?

यावर जुना उपाय निकेलचा आहे. क्षाराच्या पाण्यात निकेलचे अग्र वापरून चालणारी यंत्रं शंभर वर्षांपासून चालू आहेत आणि आजही विकली जातात. ती दणकट आहेत, पण आकाराने मोठी. वीज एकसारखी मिळाली तर उत्तम चालतात, ढग आला, वीज कमी झाली, ऊन पडलं, वाढली, असा खेळ त्यांना मानवत नाही. सौर विजेबरोबर पटकन वर-खाली होणारी यंत्रं जी आहेत, त्यांनाच नेमका प्लॅटिनम-इरिडियम लागतो. म्हणून जगभरच्या प्रयोगशाळा कोळशामागे लागल्या आहेत.

कोळसा म्हणजे चुलीतला नव्हे

इथं कोळसा म्हणजे कार्बन. लाकूड, नारळाची करवंटी, उसाचं चिपाड, भाताचं तूस, काहीही हवा न लागू देता तापवलं की कार्बन उरतो. आपल्याकडे जुन्या काळी डोंगरात कोळशाच्या भट्ट्या लागत, त्याच तत्त्वावर. पुढे वाफेने किंवा क्षाराने त्याला सच्छिद्र करतात. मग त्याची आतली छिद्रं इतकी होतात, की चांगल्या प्रतीच्या एका ग्रॅम कोळशाचा आतला पृष्ठभाग पसरला तर हजार चौरस मीटर भरतो. गुंठ्यात सांगायचं तर एका ग्रॅममध्ये दहा गुंठे. चिमूटभर कोळशात चतकोर एकर! पाणी फुटण्याचं काम पृष्ठभागावरच होतं, त्यामुळे एवढी जागा चिमटीत मिळणं ही मोठी गोष्ट.

नुसता कोळसा मात्र आळशी असतो. त्याला कामाला लावायला त्यात नायट्रोजनचे अणू घुसवतात. त्यासाठी प्रयोगशाळेत बऱ्याचदा वापरतात तो पदार्थ तुमच्या ओळखीचा आहे, युरिया. कोळसा आणि युरिया एकत्र करून सात-आठशे अंशांवर तापवला, की काही कार्बनच्या जागी नायट्रोजन बसतो आणि त्या जागा जाग्या होतात. त्यातच लोखंड, कोबाल्ट किंवा निकेलचे सुटे सुटे अणू बसवले तर काम आणखी सुधारतं. प्लॅटिनम वापरायचाच तरी तो कोळशाच्या पुडीवर बारीक शिंपडून वापरतात, म्हणजे थोडक्यात भागतं.

हे काम आपल्यापासून लांब कुठं अमेरिकेत चाललेलं नाही. पुण्यात पाषाणला १९५० पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, जिला सगळे एनसीएल म्हणतात. तिथले शास्त्रज्ञ अशा कार्बनच्या उत्प्रेरकांवर कित्येक वर्षं काम करत आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात हायड्रोजनवर चालणारी बस दाखवण्यात आली, ती एनसीएल आणि केपीआयटी कंपनीने मिळून केलेली होती. त्या बसमध्ये उलटी क्रिया होते, हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र येऊन वीज आणि पाणी तयार होतं. पण उत्प्रेरकाचा प्रश्न तिथंही तोच. म्हणजे भोरच्या एसटीने तासा-दीड तासावर ही विद्या उभी आहे.

आता कोळशाची खोट सांगायला हवी, कारण बातम्यांत ती छापून येत नाही. हायड्रोजनच्या बाजूला कार्बन चांगला टिकतो. ऑक्सिजनच्या बाजूला, म्हणजे धनाग्रावर, तो टिकत नाही. कारण साधं आहे. तिथं ताजा ऑक्सिजन तयार होतो, वर विजेचा जोर असतो, आणि कोळसा शेवटी कोळसाच, तो जळतो. ज्योत नाही, धूर नाही, पण हळूहळू त्याचा कार्बन डायऑक्साईड होऊन जातो. भट्टीला भोक पडलं की आतल्या कोळशाची राख होते ना, तसंच. आणि वीज सगळ्यात जास्त वाया जाते ती याच ऑक्सिजनच्या बाजूला. म्हणजे जिथं गरज जास्त तिथंच कोळसा कच्चा. प्रयोगशाळेतल्या चाचण्या बऱ्याचदा काही दहा किंवा काही शे तासांच्या असतात, कारखान्याला मात्र साठ-सत्तर हजार तास चालणारी वस्तू लागते. तेव्हा "प्लॅटिनमला पर्याय सापडला" ही बातमी वाचली, की किती तास चालला हा आकडा आधी शोधावा. तो नसेल तर बातमी अर्धी आहे असं समजावं.

तुसाचा भाव

भोर-वेल्हे हा भाताचा पट्टा. भात भरडलं की वजनाच्या पाचव्या भागाइतकं तूस निघतं, आणि गिरणीवाल्याला ते कुठं टाकायचं हाच प्रश्न असतो. तुसापासून चांगला सच्छिद्र कार्बन होतो हे खरं आहे. तुसात भरपूर वाळू, म्हणजे सिलिका असते, ती क्षाराने धुऊन काढली की तिच्या जागी आयती छिद्रं राहतात.

पण लागतो किती? एक मेगावॉटच्या इलेक्ट्रोलायझरला उत्प्रेरक लागतो तो किलोच्या हिशेबात. एका चौरस सेंटिमीटरला दोन-चार मिलिग्रॅम, असा त्याचा लेप देतात. दहा मेगावॉटचा कारखाना घेतला तरी फार तर पन्नास-शंभर किलो, तोही काही वर्षांतून एकदा. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम गिरणीच्या थोड्या दिवसांच्या तुसात अख्खा कारखाना भागेल. शिवाय एनसीएलच्या भट्टीतून निघणारा कार्बन आणि गावात ड्रममध्ये केलेला कोळसा यांत दुधाचा आणि चुन्याच्या निवळीचा फरक आहे. तेव्हा "हायड्रोजनसाठी तूस खरेदी, आधी नोंदणी फी भरा" असं सांगत कुणी गावात आला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. फी देऊ नका.

काडीकचऱ्याची खरी आशा असलीच तर दुसरीकडे आहे. पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेने शेतातल्या काडीकचऱ्यापासून सूक्ष्मजीवांकरवी थेट हायड्रोजन काढण्याची पद्धत विकसित केली आहे. त्यात कच्चा माल टनांनी लागतो, ग्रॅमनी नाही. पण तो आजचा विषय नव्हे.

एका गोणीचा हिशेब

शेतकऱ्याचा आणि हायड्रोजनचा खरा संबंध बसशी नाही, खताच्या गोणीशी आहे. युरिया अमोनियापासून होतो, अमोनिया हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन मिळून होतो, आणि हा हायड्रोजन आज नैसर्गिक वायूपासून काढतात. त्यातला मोठा भाग आपण परदेशातून जहाजाने आणतो. युद्ध तिकडं होतं आणि खताच्या रांगा इकडं लागतात, त्याचं मूळ हे आहे.

आता युरियाची ४५ किलोची गोणी घ्या. तिच्यासाठी साधारण २५ किलो अमोनिया लागतो, आणि त्या अमोनियात साडेचार किलोच्या आसपास हायड्रोजन असतो. पाण्यापासून एक किलो हायड्रोजन काढायला दोन व्होल्टवर ५३ युनिट वीज लागते. साडेचार किलोला झाली सुमारे २४० युनिट. कारखान्याला वीज पाच रुपयांनी पडली असं धरलं तर नुसत्या विजेचे बाराशे रुपये झाले. यंत्राचं व्याज, मजुरी, अमोनियाचा कारखाना, गोणी, वाहतूक हे सगळं वेगळं. तुम्ही ती गोणी घेता २६६ रुपये ५० पैशांना, कारण वरचा बोजा आज सरकार उचलतं. हा बोजा कमी होणार की वाढणार, हा हरित हायड्रोजनचा खरा प्रश्न आहे.

यात कोळशाचा उत्प्रेरक किती मदत करेल? व्होल्टमधला प्रत्येक दशांश कमी झाला, की किलोमागे पावणेतीन युनिटच्या आसपास वाचतात. म्हणजे शास्त्रज्ञांनी दोन व्होल्टचे १.८ केले, जे मोठंच यश म्हणायला हवं, तरी गोणीमागे वाचले २४ युनिट, म्हणजे सव्वाशे रुपयांच्या आत. आणि विजेचा दर पाचाचा तीन झाला, तर गोणीमागे पावणेपाचशे रुपये वाचतात. घाटाचा माथा कमी केला तर फायदा आहेच, पण डिझेलच्या भावापुढे तो छोटा आहे.

ही गोष्ट आपल्या देशाने एकदा अनुभवली आहे. पंजाबात नांगलला १९६१ मध्ये खत कारखाना सुरू झाला. भाक्रा-नांगलची वीज तेव्हा मुबलक आणि स्वस्त होती, म्हणून तिथं पाण्याचं विद्युत अपघटन करून हायड्रोजन काढत, त्याचा अमोनिया आणि त्यापासून कॅल्शियम अमोनियम नायट्रेट हे खत बनवत. आज ज्याला हरित खत म्हणतात ते साठ वर्षांपूर्वी पंजाबच्या शेतात पडलं होतं. मग काय झालं? विजेची मागणी वाढली, नळकूप आले, शहरं वाढली, वीज मौल्यवान झाली आणि कारखान्याला तेलापासून हायड्रोजन काढण्याकडे वळावं लागलं. उत्प्रेरक खराब निघाला म्हणून नांगलची ती पद्धत मागे पडली नाही, विजेच्या हिशेबाने पडली. आणखी एक बारकावा ध्यानात ठेवा. युरियाला अमोनियाबरोबर कार्बन डायऑक्साईडही लागतो. वायूच्या कारखान्यात तो आपोआप मिळतो, पाण्यापासून काढलेल्या हायड्रोजनबरोबर मिळत नाही. म्हणून हरित अमोनिया आधी डीएपी आणि मिश्र खतांच्या कारखान्यांत जाईल, युरियाच्या गोणीत त्यानंतर. २०२५ मध्ये सरकारच्या सेकी या कंपनीने खत कारखान्यांसाठी हरित अमोनियाचे लिलाव केले, तेव्हा किलोला ५० ते ६५ रुपयांच्या दरम्यान भाव निघाले. आधीच्या अंदाजांपेक्षा हे भाव बरेच खाली आले आहेत, हे मान्य करायला हवं.

मग कोळशाच्या उत्प्रेरकाला काहीच अर्थ नाही का? आहे, पण तो वेगळ्या ठिकाणी आहे. हार्वेस्टर घेतला की माणूस तो चोवीस तास पळवतो, कारण बँकेचा हप्ता थांबत नाही. फवारणीचा पंप मात्र आठ महिने पडवीत पडून राहिला तरी झोप उडत नाही. महागडा धातू घातलेला इलेक्ट्रोलायझर म्हणजे हार्वेस्टर. तो रात्रीही चालवायला लागतो, आणि रात्री ऊन नसतं, म्हणजे महाग वीज घ्यावी लागते. यंत्र स्वस्त झालं तर ते फक्त दुपारी, सौर वीज उतू जात असते तेव्हा चालवता येईल आणि संध्याकाळी बंद करता येईल. कोळशाचा उत्प्रेरक वीज फारशी वाचवत नाही, पण स्वस्त वीज तेवढी निवडून घेण्याची मोकळीक देतो. माझ्या मते या साऱ्या संशोधनातली शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट हीच आहे, आणि नेमकी हीच भाषणात कुणी सांगत नाही.

पाणी किती, जमीन किती

आता मूळ शंकेकडे येऊ. दहा मेगावॉटचा इलेक्ट्रोलायझर वर्षभर अखंड चालवला तर सुमारे १,६५० टन हायड्रोजन होईल. पाणी शुद्ध करण्यात वाया जाणारं आणि यंत्र थंड ठेवायला लागणारं धरून किलोला वीस-पंचवीस लिटर पाणी पकडा. वर्षाला झालं चार कोटी लिटर. आकडा ऐकून छाती दडपते. पण एक एकर ऊस पाटपाण्यावर ऐंशी-नव्वद लाख लिटर पितो. म्हणजे हा अख्खा कारखाना चार-पाच एकर उसाएवढं पाणी पिणार. एक टीएमसी म्हणजे २,८३१ कोटी लिटर, आणि भाटघर तेवीस टीएमसीच्या वर. धरणाला हे कळणारही नाही.

मात्र हेच चार कोटी लिटर धरणातून न घेता डोंगरउतारावरच्या एखाद्या झऱ्यातून किंवा बोअरमधून घेतले, तर गोष्ट पार बदलते. ते रोजचे एक लाख लिटरच्या वर होतात. जलजीवन मिशनचं प्रमाण माणशी ५५ लिटरचं आहे, त्या हिशेबाने दोन हजार माणसांचं पिण्याचं पाणी. आपल्याकडे दोन हजार वस्तीची गावं किती आहेत ते मोजा! तेव्हा पाणी किती लागणार या प्रश्नापेक्षा पाणी कुठून उचलणार हा प्रश्न शंभर पट महत्त्वाचा.

आणि आता जमीन. त्याच दहा मेगावॉटला वर्षभर सौर वीज पुरवायची तर साधारण ५५ मेगावॉटचे सौर पॅनेल लागतील, कारण ऊन दिवसाचे थोडे तासच असतं. एका मेगावॉटला चार ते पाच एकर धरले तर सव्वादोनशे ते पावणेतीनशे एकर. म्हणजे पाणी चार-पाच एकर उसाचं, पण जमीन अडीचशे एकर. खरा वाटेकरी म्हणालो तो हा. हायड्रोजनच्या नावाखाली मागणी येईल ती पाण्याची नव्हे, जमिनीची.

स्पष्टच सांगायचं तर हायड्रोजनचा मोठा कारखाना भोर-वेल्ह्यात येण्याची शक्यता कमी आहे. हायड्रोजन हलका, साध्या दाबाला एक किलो अकरा-बारा घनमीटर जागा व्यापतो, त्याची लांब वाहतूक परवडत नाही. तो वापरणारे मोठे कारखाने घाटाखाली आहेत, थळला आरसीएफ, तळोजाला दीपक फर्टिलायझर्स. कारखाने त्यांच्या आणि बंदरांच्या जवळ होतील. सौर विजेसाठीही वेल्ह्याचा पश्चिम भाग फारसा सोयीचा नाही, जून ते सप्टेंबर ढग हलत नाहीत. भाटघरच्या पायथ्याला १६ मेगावॉटचं जलविद्युत केंद्र १९७७ पासून आहे. पूर्ण क्षमतेने चाललं तर त्याच्या तासाभराच्या विजेत सुमारे ३०० किलो हायड्रोजन, म्हणजे ६५-६७ गोण्यांपुरता. पण ते चालतं पाणी खाली सुटेल तसं, आणि ती वीज आजही रिकामी पडून नाही. तेव्हा आपल्या वाट्याला येईल तो विजेचा पसारा. भोरच्या पूर्वेकडच्या माळावर पॅनेल, डोंगरावर मनोरे, शेतातून तारा.

हे वाईटच असं नाही. पण भाव ठाऊक असावा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात, २०२३ पासून, जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं ठरलं आहे, म्हणजे एकरी पन्नास हजार, आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ. ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत प्रकल्प होईल तिला वर्षाला पाच लाखांप्रमाणे तीन वर्षं वेगळा निधी. ती योजना शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी आहे, हायड्रोजनसाठी नव्हे, पण जमीन तीच आणि पॅनेलही तेच. तेव्हा खासगी कंपनीचा माणूस याहून कमी भाड्याचा किंवा वाढीचं कलम नसलेला करार घेऊन आला, तर सही करण्याआधी हा सरकारी दर त्याच्यापुढे ठेवा. विकण्याची गोष्ट निघाली तर आणखी सावध राहा. पुण्याच्या फार्महाऊसवाल्यांना गुंठ्या-गुंठ्याने विकून मोकळी झालेली घराणी आपल्या आसपास कमी नाहीत.

सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी मंडळींसाठी एक मुद्दा आहे. विद्युत अपघटनाने हायड्रोजन काढणाऱ्या प्रकल्पाला पूर्वपर्यावरण मंजुरी लागत नाही, असं केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं. धूर नाही, घाण नाही, म्हणून ते एका अर्थी रास्तही आहे. पण मंजुरी नाही म्हणजे त्यासाठीची जनसुनावणीही नाही. मग गावाला विचारण्याची जागा उरते ती ग्रामसभा. म्हणून अर्ज आला की तो फाइलला न लावता ग्रामसभेपुढे वाचून दाखवा. दाबाखाली हायड्रोजन साठवणार असतील तर नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचा परवाना लागतो, त्याची प्रत मागा. हा वायू हवेत चार टक्के मिसळला तरी पेट घेतो, आणि त्याची ज्योत दिवसा दिसत नाही. शाळेपासून, अंगणवाडीपासून अंतर किती सोडणार ते नकाशावर दाखवायला सांगा. कंपनी किती नोकऱ्या देणार हा प्रश्न आपल्याकडे सगळ्यात आधी विचारतात. इलेक्ट्रोलायझर आणि सौर पॅनेल दोन्ही फार थोड्या माणसांत चालतात. तेव्हा आकडा लेखी घ्या आणि त्यातले कायमचे किती, बांधकामापुरते किती, हे वेगळं लिहून घ्या.

आणि पाण्याचा स्रोत कोणता, हे अर्जात एका ओळीत लिहून मागा. उत्तर "धरण" असं आलं तर जलसंपदा खात्याचं पाणी आरक्षणाचं पत्र जोडलेलं असलं पाहिजे. उत्तर "बोअर" असं आलं तर तो अर्ज एप्रिल-मे महिन्यापर्यंत बाजूला ठेवा, गावच्या विहिरींची पातळी मोजा, आणि मग ग्रामसभा बोलवा.